माहितीपत्रकात खरं काम दाखवा: माध्यम विभागांच्या अभ्यास मंडळांना खुले पत्र

आदरणीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

प्रवेशाचे दिवस जवळ आले की तुमच्या विभागांची नवी माहितीपत्रकं निघतात. मुखपृष्ठावर बहुतेक वेळा एकच चित्र असतं: हातात माइक घेतलेली मुलगी, समोर कॅमेरा, मागे उजळलेला स्टुडिओ. आतल्या पानावर 'करिअरच्या संधी' या शीर्षकाखाली पत्रकार, निवेदक, जाहिरात, जनसंपर्क, चित्रपट अशी एक ओळ असते आणि विषय तिथेच संपतो. मी हाच अभ्यासक्रम शिकले, काही वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काम केलं, नंतर सार्वजनिक आरोग्याच्या मोहिमांसाठी लिहू लागले. आता नव्या उमेदवारांचे अर्ज वाचणं आणि त्यांच्या चाचण्या घेणं हाही माझ्या कामाचा भाग आहे. त्या टेबलावरून जे दिसतं, ते तुमच्यापर्यंत पोहोचवण्यासाठी हे पत्र. मागणी साधी आहे. तुमचे पदवीधर पुढे प्रत्यक्षात जे काम करतात, त्याच्याशी अभ्यासक्रम आणि माहितीपत्रक दोन्ही जुळवा.

आम्ही उमेदवारांना एक छोटी चाचणी देतो. एका पानावर प्रसिद्धिपत्रक असतं: 'नव्या औषधामुळे आजाराचा धोका ५० टक्क्यांनी घटला.' सोबत एक तक्ता. तक्ता नीट पाहिला तर कळतं, की औषध न घेतलेल्या १,००० लोकांपैकी २ जण आजारी पडले आणि घेतलेल्या १,००० पैकी १. यावर दीडशे शब्दांची बातमी लिहायची, एवढंच काम. बहुतेक मुलं चांगलं लिहितात. वाक्यं सुटसुटीत, इंट्रो नेमका, मथळा आकर्षक. आणि मथळ्यात '५० टक्के' जसेच्या तसे. तक्ता उलटून पाहिलेलाच नसतो. दोनाचा एक झाला म्हणजे धोका निम्मा झाला हे खरंच आहे, पण हजारातल्या ९९८ जणांना औषध न घेताही काही झालं नव्हतं, हे वाचकाला सांगितलं नाही तर त्याची फसवणूक होते. एकदा एका मुलीने लिहायला सुरुवात करण्याआधी कागद खाली ठेवला आणि विचारलं, 'या लोकांवर किती काळ लक्ष ठेवलं होतं? आणि अभ्यासाचा खर्च कोणी केला?' तिची भाषा इतरांपेक्षा कच्ची होती. आम्ही तिलाच घेतलं. भाषा सहा महिन्यांत सुधारता येते. तो प्रश्न पडण्याची सवय विद्यापीठात लागली नसेल, तर नोकरीच्या धावपळीत ती लावणं फार अवघड जातं.

ही सवय लावणं हेच तुमच्या विषयाचं मूळ काम आहे आणि त्याला जुना इतिहास आहे. बातम्यांवरचा पहिला प्रबंध म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो टोबियास पॉयसर याने १६९० मध्ये जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठाला सादर केला. त्यातही बातमी विश्वासार्ह कशी ठरते आणि कोणती गोष्ट छापण्याजोगी आहे, याचाच ऊहापोह आहे. छापखान्याच्या यंत्रावर प्रभुत्व कसं मिळवावं, याची त्याला चिंता नव्हती. त्याच लाइपझिगमध्ये १९१६ साली कार्ल ब्यूशर या अर्थशास्त्रज्ञाने वृत्तपत्रविद्येची संस्था उभी केली. अमेरिकेत १९०८ मध्ये मिसुरी विद्यापीठाची पत्रकारिता शाळा सुरू झाली, तेव्हा तिचे संस्थापक वॉल्टर विल्यम्स यांनी वेगळी वाट धरली. वर्ग सुरू झाले त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. खऱ्या वाचकांसाठी खरं वृत्तपत्र काढत शिकायचं, ही ती पद्धत. त्याच सुमारास वृत्तपत्रमालक जोसेफ पुलित्झर पत्रकारितेच्या महाविद्यालयासाठी आग्रह धरत होते. त्यांच्या आराखड्यात कायदा, इतिहास, अर्थशास्त्र आणि चक्क संख्याशास्त्रही होतं. त्यांच्या देणगीतून कोलंबिया विद्यापीठातली शाळा १९१२ मध्ये उघडली, पण ती पाहायला ते राहिले नाहीत.

करून शिकणं की विचार करायला शिकणं, हा वाद तेव्हापासूनचा आहे. माझ्या मते दोन्ही बाजू बरोबर होत्या. आपली चूक वेगळीच आहे: आपण दोन्ही गोष्टी शिकवतो, पण एकमेकींशी ओळख न करून देता. सकाळच्या तासाला सिद्धांत, दुपारी कॅमेरा. सकाळचा विषय पाठ करून परीक्षेत लिहायचा, दुपारचा विषय नोकरीसाठी. विद्यार्थ्याच्या मनात पक्कं बसतं की सिद्धांत गुणांपुरता असतो. मग तो नोकरीच्या ठिकाणी येतो आणि ज्या प्रश्नांची उत्तरं त्याच सिद्धांतात पडून आहेत, त्या प्रश्नांपुढे अडतो.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण माझ्या कामात ते रोज लागतं. १९४३ मध्ये ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. संकरित मक्याचं बियाणं उपलब्ध होतं, उत्पन्न जास्त देत होतं, तरी सगळ्यांनी ते लगेच का स्वीकारलं नाही? बियाण्याची माहिती बहुतेकांना विक्रेत्यांकडून कळली होती. पेरायचं ठरलं ते मात्र शेजारच्या शेतकऱ्याचा अनुभव बघून. त्याच्या आसपासच, १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोतल्या एरी काउंटीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतदारांशी पुन्हा पुन्हा बोलून पाहिलं. रेडिओ आणि वर्तमानपत्रं मतं फिरवतील अशी अपेक्षा होती. ओळखीच्या माणसांशी झालेल्या गप्पांचं वजन त्याहून जास्त निघालं. आता लसीकरणाची मोहीम आखायला बसलेल्या मुलाला हे दोन अभ्यास खरोखर समजले असतील, तर सगळा पैसा फलक आणि जाहिरातींवर लावायच्या आधी तो थांबेल. लस घेतलेली माणसं आपला अनुभव शेजाऱ्यांना कशी सांगतील, याचाही विचार करेल. माहिती माध्यमांतून आधी काही जणांपर्यंत आणि त्यांच्याकडून इतरांपर्यंत जाते, याला द्विस्तरीय प्रवाह म्हणतात. परीक्षेत 'द्विस्तरीय प्रवाह स्पष्ट करा' या प्रश्नाला दहापैकी आठ गुण मिळवलेली मुलं मला नेहमी भेटतात. मोहिमेच्या आराखड्यात तो प्रवाह वापरलेला क्वचितच दिसतो.

तेच अजेंडा सेटिंगचं, म्हणजे लोकांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात हे बातम्या ठरवतात या सिद्धांताचं. मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या संशोधकांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी चॅपल हिल या गावातल्या, कोणाला मत द्यायचं हे न ठरलेल्या १०० मतदारांना महत्त्वाचे प्रश्न कोणते वाटतात ते विचारलं आणि उत्तरं त्या भागातल्या बातम्यांशी ताडून पाहिली. दोन्ही याद्या विलक्षण जुळल्या. हा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गात तो तासाभरात शिकवून होतो. त्याऐवजी प्रत्येक तुकडीने एका महिन्याच्या बातम्या मोजाव्यात, लोकांना विचारावं, दोन याद्या समोरासमोर ठेवाव्यात. जुळतील किंवा जुळणार नाहीत. का, ते शोधण्यात नमुना निवडणं, प्रश्नावली करणं, वर्गवारी करणं, आकडे मांडणं हे सगळं शिकून होतं. नेमकी हीच कौशल्यं प्रेक्षक-विश्लेषणाच्या, बाजार संशोधनाच्या, धोरण संस्थांच्या नोकऱ्यांत मागतात.

आता त्या नोकऱ्यांबद्दल. माहितीपत्रकातल्या एका ओळीत न मावणाऱ्या माणसांची ओळख करून देते.

माझी एक सहकारी रुग्णालयांसाठी सूचनापत्रकं लिहिते. 'शस्त्रक्रियेपूर्वी ८ तास उपाशी राहणे' अशी जुनी सूचना तिच्याकडे आली. तिने ती घरी बसून सोपी केली नाही. प्रतीक्षागृहात जाऊन रुग्णांच्या हातात कागद दिला आणि म्हणाली, 'यात काय सांगितलंय, ते तुमच्या शब्दांत मला सांगा.' कोणाला वाटलं पाणी चालतं, कोणाला वाटलं रोजची रक्तदाबाची गोळीही घ्यायची नाही, एका आजोबांना आठ तास केव्हापासून मोजायचे हेच कळेना. डॉक्टरांना विचारून तिने या तिन्ही गोष्टी स्वतंत्र ओळींत लिहिल्या, 'उपाशी'च्या जागी नेमकी वेळ टाकायला मोकळी जागा ठेवली आणि कागद पुन्हा त्याच प्रतीक्षागृहात नेऊन तपासला. संस्कृतीचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की सांगणारा जो अर्थ भरतो तोच ऐकणारा काढेल असं नाही. तिच्या कामात ते तत्त्व रोज उभं असतं. ती संवाद शास्त्राची पदवीधर आहे. कुठल्याही माहितीपत्रकावर तिचा फोटो मी पाहिलेला नाही.

उपशीर्षकं आणि ध्वनिवर्णनाचं क्षेत्र घ्या. ऐकू न येणाऱ्यासाठी पडद्यावरचा संवाद आणि आवाज लिहायचा, न दिसणाऱ्यासाठी दृश्य शब्दांत सांगायचं, तेही दोन संवादांच्या मधल्या काही सेकंदांत बसवून. युरोपीय संघात सुगम्यतेचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. ई-पुस्तकं, ऑनलाइन विक्री, बँकसेवा आणि दृक्श्राव्य सेवांपर्यंत पोहोचण्याची साधनं त्याच्या कक्षेत आहेत. हे काम आता सौजन्य राहिलेलं नाही, कर्तव्य झालं आहे. ते करणारी माणसं तुम्ही घडवू शकता.

मोबाइल ॲपवर 'व्यवहार अयशस्वी' एवढंच लिहिलं तर पैसे गेले की राहिले, ते कळत नाही. ते कळेल असं वाक्य लिहिणारा माणूस यूएक्स रायटर म्हणवतो. वैज्ञानिकाचा शोधनिबंध सामान्य वाचकापर्यंत नेणारा असतो. मोठ्या कारखान्यात सुरक्षेचा नियम रात्रपाळीच्या कामगारापर्यंत पोहोचतो की नाही हे बघणारा अंतर्गत संवादाचा माणूस असतो. पूर किंवा भूकंपानंतर मदत छावणीत अफवा नोंदवून त्यांना उत्तरं देणारे असतात. जाहिरातीत कॉपीरायटर सर्वांना माहीत आहे, पण कोणती जाहिरात कुठे, केव्हा, किती वेळा दाखवायची हे ठरवणारा मीडिया प्लॅनर आकड्यांत रमणाऱ्या मुलांसाठी उत्तम जागा आहे. संग्रहालयं, ग्रंथालयं, न्यायालयं, महापालिका सगळीकडे हे काम आहे आणि बऱ्याच ठिकाणी ते संवाद न शिकलेली माणसं जमेल तसं करत असतात.

बातमीदारीविषयी मात्र तुम्ही प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट बोलायला हवं. जाहिरातींचा पैसा छापील वृत्तपत्रांकडून सर्च आणि सोशल मीडियाच्या कंपन्यांकडे गेला, तसतशी जगभरच्या अनेक वृत्तपत्रांची मनुष्यबळाची ताकद घटली. जागा कमी, पगार अनिश्चित, वेळा वाईट. हे ऐकूनही जिला यायचं आहे तिने जरूर यावं, कारण या कामाला पर्याय नाही. २०१६ मध्ये पनामा पेपर्स, म्हणजे परदेशी कंपन्यांआड दडवलेल्या संपत्तीचे तपशील, उघड झाले ते सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रांतून. ३५० हून अधिक पत्रकारांनी अनेक देशांत बसून ते वाचले. त्यात कंपन्यांची नोंदणीपत्रं वाचता येणारे होते, डेटाबेस बांधणारे होते, दारोदार जाऊन खात्री करणारे होते. नुसता माइक धरता येणाऱ्याला त्या खोलीत काम मिळालं नसतं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या बेलिंगकॅटसारख्या गटांनी उघड उपलब्ध छायाचित्रं, उपग्रहचित्रं आणि सावल्यांची दिशा यांवरून घटनेची जागा आणि वेळ ठरवण्याचं तंत्र पुढे आणलं. हे तंत्र शिकवायला महागडा स्टुडिओ लागत नाही. एक साधा संगणक आणि चिकाटीने तपासून घेणारा शिक्षक पुरतो.

जनसंपर्काचा पेपर आणि बातमीदारीचा पेपर तुम्ही एकाच तुकडीला शिकवता, ही फार चांगली गोष्ट आहे. त्या दोन पेपरांमधला ताण मात्र वर्गात उघडपणे बोलला जात नाही. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीजवळ रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात पडली आणि ५० हून अधिक माणसं मेली, तेव्हा जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली यांनी रेल्वे कंपनीच्या वतीने पत्रकारांना स्वतःहून माहिती दिली. ते पहिलं प्रसिद्धिपत्रक मानलं जातं. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळलं, ७ जणांचा जीव गेला. ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, लोकांना सरळ सांगितलं की वापरू नका आणि पुढे छेडछाड ओळखता येईल अशा वेष्टनात औषध आणलं. ही उदाहरणं शिकवली जातात ती कंपनीची प्रतिमा कशी वाचली या अंगाने. माझी विनंती आहे की ती दोन्ही बाजूंनी करून घ्या. अर्धा वर्ग कंपनीच्या वतीने पत्रक लिहील, अर्धा वर्ग त्याच पत्रकावर प्रश्न विचारेल, आणि पुढच्या आठवड्यात बाजू बदलतील. काय सांगितलं नाही हे शोधायला शिकलेला विद्यार्थी जनसंपर्कात गेला, तर लपवण्याचा सल्ला द्यायला कचरतो. अशी माणसं मी कामावर पाहिली आहेत. संकटाच्या दिवशी संस्थेला तीच सावरतात.

सॉफ्टवेअरवर किती तास द्यायचे याचाही पुन्हा विचार करा. विशिष्ट संपादन प्रणालीची बटणं शिकवण्यात अख्खं सत्र जातं आणि पदवी हातात येईपर्यंत त्या प्रणालीचं रूप बदललेलं असतं. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं. नव्याने लागलेल्यांना आम्ही पूर्वी जी कामं द्यायचो, पत्रकाची बातमी करणं, लांब मजकूर आखूड करणं, दहा मथळे सुचवणं, त्यातली बरीच आता यंत्राला सांगितली जातात. यंत्र सफाईने लिहितं आणि तितक्याच सफाईने चुकतंही. अस्तित्वात नसलेला दाखला पूर्ण आत्मविश्वासाने देतं. त्यामुळे मजकूर तपासून त्याखाली सही करू शकणाऱ्या माणसाची गरज वाढली आहे. हे साधन वापरायला मुलांना बंदी करू नका. यंत्राने लिहिलेली पानं द्या, त्यातली प्रत्येक नोंद मूळ स्रोतापर्यंत नेऊन तपासायला लावा आणि तपासणीच्या टिपणाला गुण द्या.

परीक्षा बदलल्याशिवाय यातलं काहीच टिकणार नाही, कारण मुलं परीक्षेसाठी शिकतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लासवेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले पाच प्रश्न, कोण सांगतं, काय सांगतं, कोणत्या माध्यमातून, कोणाला आणि परिणाम काय, हे प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. 'लासवेलचे प्रारूप स्पष्ट करा' हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी शहराच्या पाणीकपातीची एखादी सरकारी सूचना छापा आणि विचारा की ती कोणापर्यंत पोहोचणार नाही, का, आणि तुम्ही ती कशी लिहाल.

इंटर्नशिपबद्दल दोनच वाक्यं. बिनपगारी इंटर्नशिपला क्रेडिट देताना, ज्यांना घरून पैसे मिळत नाहीत ती मुलं त्यातून बाहेर पडतात, हे लक्षात घ्या. मानधन देणाऱ्या किंवा किमान शिकवण्याची लेखी हमी देणाऱ्या संस्थांनाच यादीत ठेवा.

आणि पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तुकडीची माहिती गोळा करून माहितीपत्रकात छापा. नावं नकोत. किती जण बातमीदारीत आहेत, किती जण इतर संवादाच्या कामांत, किती जणांनी हे क्षेत्रच सोडलं आणि पहिली नोकरी मिळायला साधारण किती महिने लागले, एवढं पुरे. आकडे फार चांगले नसतील अशी भीती वाटणं साहजिक आहे. तरी छापा. जी संस्था मुलांना आकडे लपवू नका असं शिकवते, तिने स्वतःचे आकडे उघडे ठेवले, तर पहिल्या वर्षाचा पहिला धडा तिथेच शिकवून होईल.

वर सांगितलेली चाचणी, तिचा तक्ता आणि उत्तरं तपासण्याची आमची पद्धत मी कोणत्याही विभागाला विनामूल्य द्यायला तयार आहे. पुढच्या सत्रात एखाद्या तुकडीवर ती वापरून पाहायची असेल, तर उत्तरपत्रिका तपासायला आणि त्यावर मुलांशी बोलायलाही मी येईन. अभ्यास मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
संवाद आणि माध्यम विषयाची एक माजी विद्यार्थिनी